दर्यासरांचा खडक

आमच्या इचोड्यात अमावास्येला कोणी नवं काम काढत नाही. दर्यासर मात्र त्या दिवशी ठेवणीतले कपडे काढतात. ठेवणीतले म्हणजे गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट. भरदुपारी असे नटून ते ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसतात, मोबाइल मांडीवर. माझ्या आईची खात्री होती की म्हातारा करणी करतो. तिच्यापायी आमच्या बी-बियाण्याच्या दुकानाला कित्येक महिने दुप्पट लिंबू-मिरची लागली.

शेवटी मीच विचारलं. "अरे दिगंबर," ते म्हणाले, "आज तिकडं मोठी ओहोटी हाये. पानी मागं सरते, माहा खडक उघडा पडते."

दर्यासर म्हणजे डॉक्टर किसनराव उरकुडे. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. कापूस पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा शिकत शिकत विशाखापट्टणमकडे सरकारी मत्स्य-संशोधनात लागला आणि उभं आयुष्य एका खडकापुढे बसला. खडकाचा तुकडा घासून कोरा करायचा आणि त्यावर आधी कोण येऊन चिकटतं, मग कोण, कोण कोणाला हटवतं ते बघायचं. आधी शेवाळ, मग बारकी शिंपली, मग मोठी कालवं. यावर त्यांचे लेख परदेशात छापून आले. मुलगी बघायच्या कार्यक्रमालाही ते ओहोटी आटोपून दुसऱ्या दिवशी पोचले. पोरगी उद्याही घरीच असणार, ओहोटी नसणार, असा त्यांचा शास्त्रीय हिशोब. मुलीकडच्यांनी तोवर दुसरीकडे सुपारी फोडली होती. लग्न राहिलं ते राहिलंच.

हमरस्त्यावर पहिलं बियाण्याचं दुकान माझं. नंतर चार झाली आणि माझं गिऱ्हाईक आटलं. सरांनी सांत्वन केलं, "तू शेवाळ हायेस, दिगंबर. पह्यला येते तो टिकत नाही, पर त्याच्याबिगर दुसरा येत नाही." राग आला, पण काय करता? स्वतःलाही ते शेवाळच म्हणत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज देशोदेशीचे किनारे धुंडाळतात, आणि सरांनी शोधून काढलेली गोष्ट सगळ्यांना इतकी ठाऊक झाली आहे की ती कोणी काढली हे लिहायची गरज कोणाला वाटत नाही.

मग किनाऱ्यापासून तोडून आमच्या भागाचं राज्य वेगळं झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी निघाली. जो जिथला, तो तिकडे. सोबतचे म्हणाले, किनाऱ्याकडचा एखादा दाखला जोडा, इथेच राहाल. सर म्हणाले, "मी मुल्की मानूस. जलमलो इचोड्यात, खोटं काऊन लिहू?" मुल्की म्हणजे इथला मूळ रहिवासी, निजामाच्या काळचा शब्द. मुल्कीपणा सिद्ध झाला आणि सर मंचेरियलकडे तळ्यांत सोडायची रोहू-कटल्याची पिल्लं वाटायला आले. राज्य मिळालं म्हणून आम्ही फटाके उडवले. सरांचा समुद्र दुसऱ्या राज्यात राहिला, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

खडक त्यांनी पद्मजाच्या हवाली केला. ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी, आता स्वतःच मोठी प्राध्यापक. दर अमावास्येला ओहोटीत खडकावर जायचं आणि तिथूनच फोन करायचा, असं ठरलं होतं. नोकरी संपवून सर इचोड्याला परतले, तरी फोन येत राहिला. त्याखेरीज त्यांची चौकशी करणारं कोणी नाही. चड्डी आणि बूट त्या फोनसाठी.

मागच्या वर्षी लेकीच्या ॲडमिशनला मी विशाखापट्टणमला गेलो. म्हटलं, खडकाचा फोटो नेऊ, म्हातारा खूश होईल. सरांकडून ऐकून ऐकून वाट पाठ होती. पोचलो, तर तिथे सिमेंटचा लांबलचक धक्का. जाळं सांधत बसलेल्या कोळ्याला विचारलं. "पत्थर? वो तो कब का नीचे दब गया," तो म्हणाला.

परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या. सर ओट्यावर बसलेले. मी कापसाच्या भावावर बोलत राहिलो.

"खडक नाही राह्यला ना तिकडं?" त्यांनीच विचारलं.

माझा कापसाचा भाव तिथेच राहिला. "पद्मजाबाईनं सांगतलं तुमाले?"

"नाही. ती सांगते, कालवं जोरात हायेत. वादळ झालं त्या महिन्यातही जोरात होती. वादळात खडक धुऊन निघते, हे मीच शिकवलं तिले. अन फोनात लाटा ऐकू येत नाहीत, दिगंबर. पंखा ऐकू येते."

"मंग बोलत काऊन नाही तुमी?"

"बोललो तं फोन कायले करन ती?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. सर सावरून बसले. "चेप्पु, तल्ली," म्हणाले. म्हणजे, सांग बाळा.

त्यांनी मन लावून सगळं ऐकलं. मग तेलुगूत तिला चक्क रागावले. या महिन्यात बारकी शिंपली दिसायलाच हवीत, तू घाई करतेस, पुढच्या खेपेला वाकून नीट बघ.

फोन ठेवून त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"पुढच्या अमावास्येले पाहून सांगतो म्हनते," ते म्हणाले. "पोरगी गुनी हाये."