भाऊसाहेब वरच राहिले

दिल्लीच्या द्वारका भागातल्या सोसायटीत गाडी उचलून वर ठेवणारं नवं दुमजली पार्किंग आलं, तेव्हा नुसती फीत कापण्यापेक्षा आपण गाडीसकट वर जावं, असं अध्यक्ष भाऊसाहेबांनी ठरवलं. गळ्यात हार घालून ते गाडीत बसले. सेक्रेटरी बळवंतरावांनी बटण दाबलं, पंप घुरघुरला आणि भाऊसाहेब टाळ्यांच्या गजरात वर पोचले. लगेच खांबांवरची निळी रोषणाई लागली. फोटो झाले. बळवंतरावांनी खाली आणायचं बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही.

"जोरात दाबा," भाऊसाहेब वरून म्हणाले.

बळवंतरावांनी जोरात दाबलं. मग इतरांनीही आपापल्या पद्धतीनं दाबून पाहिलं. कंपनीचा माणूस फोनवर "बस, पहुँच ही रहा हूँ जी" म्हणत होता, पण मागून त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"ह्यांनी सकाळचं इन्सुलिन घेतलंय आणि पोटात काही नाही," भाऊसाहेबांच्या पत्नी सुनंदाताई काळजीनं म्हणाल्या. बळवंतरावांनी एक केळं वर फेकलं. ते टपावर पडलं आणि तिथेच राहिलं.

सोसायटीतल्याच मीनाक्षीताईंनी फरिदाबादच्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस सांभाळण्यात उमर घालवली होती. पण पार्किंगची समिती नेमताना भाऊसाहेब म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही रांगोळीचं बघा." आता रांगोळीचे हात धुऊन, घरून मीटर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या पॅनेलपाशी आल्या.

"वर जाताना पंप तेल ढकलतो. खाली यायला ते तेल नुसतं सुटायला हवं. त्यासाठी हा व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याला उघडतं हे कॉइल. दाबा बटण."

त्यांनी कॉइलच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला. लोहचुंबकाला चिकटल्यासारखा तो घट्ट धरला जायला हवा होता. ओढ जेमतेम जाणवली.

"जळलेलं नाही. उपाशी आहे."

"ह्यांच्यासारखंच," सुनंदाताई म्हणाल्या.

मीटरवर चोवीस व्होल्टच्या जागी सोळा दिसले. मीनाक्षीताईंनी तार हातानं चाचपत नेली. त्याच सप्लायला तारांची आणखी एक जोडी जोडलेली होती आणि ती खांबांकडे गेली होती.

"ये लाइटें यहाँ से किसने जोड़ीं?"

इलेक्ट्रिशियननं वर बोट केलं. "साहब बोले, अलग तार मत खींचो, शोभा बिगड़ेगी."

रोषणाई काढली. "आता दाबा." आत टक् असा आवाज झाला आणि गाडी अलगद खाली आली. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या वाजल्या. सुनंदाताईंनी नवऱ्याला खिडकीतूनच लाडू भरवला.

"अजून एकदा चालवून बघायला हवं," मीनाक्षीताई म्हणाल्या. "कोण बसतंय?"

सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. भाऊसाहेब तर केव्हाच उतरून खांबाआड उभे होते.

"बरं, मीच बसते. भाऊसाहेब, बटण तुम्ही सांभाळा. मी हात केला की खाली घ्या."

गाडी वर गेली. तिथे छान वारा होता. समोर विमानतळाकडे एक विमान सावकाश उतरत होतं, त्याच्या मागे दुसरं दिसत होतं. खाली भाऊसाहेब बटणावर बोट ठेवून, मान वर करून उन्हात उभे होते.

"मॅडम, घेऊ का खाली?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मीनाक्षीताई म्हणाल्या आणि सीट थोडी मागे सरकवून आरामात बसल्या.