ग्रंथालयाची एकमेव लाभार्थी

सार्वजनिक ग्रंथालय हा समाजाचा आत्मा असतो, असं आमच्या नगरपालिका ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच्याच खाली 'येथे वाहने लावू नयेत' असंही लिहिलेलं आहे. दुसरी सूचना लोक निदान मोडतात तरी.

अकरा हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि एक वाचक, एवढा या ग्रंथालयाचा ऐवज होता. वाचक म्हणजे पोस्टातल्या बाई. चौतीस वर्षं टपाल कचेरीत दुसऱ्यांचे पत्ते वाचून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता काहीतरी स्वतःसाठी वाचावं असं त्यांच्या मनात होतं. या इच्छेला मुदत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतल्या पडद्यावरचा डाग दाखवून सांगितलं होतं, "दीडेक वर्ष बारीक अक्षर दिसेल. मग मधलं पुसट होत जाईल. जे वाचायचं राहिलंय ते उरकून घ्या." बाईंनी रडारड केली नाही. त्या थेट ग्रंथालयात गेल्या आणि तिथली सगळ्यात लांबलचक कादंबरी त्यांनी काढली. चार भाग. पहिल्या भागात थोरला मुलगा घर सोडून जातो आणि तो परत येतो की नाही हे चौथ्या भागात कळतं.

बाई दुसऱ्या भागाच्या मध्यावर असताना वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आलं. यापुढे ग्रंथालयांचे मूल्यमापन ग्रंथांवरून न करता लाभार्थ्यांवरून करण्यात येईल. दरमहा किमान चौदा सामाजिक उपक्रम राबवावेत. 'ड' श्रेणी मिळालेली ग्रंथालये बंद करून इमारत उपयुक्त कामासाठी वापरण्यात येईल आणि ग्रंथपालाची बदली 'जेथे आवश्यकता असेल तेथे' करण्यात येईल. आवश्यकता कुठे असते हे प्रत्येक सरकारी नोकराला ठाऊक असतं. तिथे एसटी जात नाही.

ग्रंथपाल हादरले. माणूस मुळात सज्जन. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पुस्तकाला विनाकारण हात लावला नव्हता. त्यांनी वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावली आणि महिन्याभरात चौदा उपक्रम उभे केले. रक्तातली साखर तपासणी, तणावमुक्त जीवन, बेरोजगार तरुणांना मुलाखतीचं मार्गदर्शन, नवमातांसाठी बालसंगोपन, ज्येष्ठांसाठी मोबाइल. पहिल्या महिन्यात गर्दी लोटली. साखरवाले आपापली साखर घेऊन गेले. मोबाइलवाले ग्रंथालयाच्या वायफायचा पासवर्ड घेऊन गेले आणि तेव्हापासून समोरच्या कट्ट्यावर बसून लाभ घेऊ लागले, पण कुंपणाबाहेर बसलेल्या माणसाला लाभार्थी धरता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर पोस्टातल्या बाई तेवढ्या उरल्या.

"मावशी, इथे जरा सही करा," ग्रंथपाल उपस्थितीपत्रक पुढे करत म्हणाले.

"कशाची?" बाईंनी मान वर केली नाही.

"बालसंगोपनाची."

"कोणाच्या बाळाच्या?"

"तुमच्या."

"बरं," असं म्हणून बाईंनी सही केली, कारण पुस्तकात तेव्हा धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

तेव्हापासून बाई सकाळी अकराला नवमाता असत, बाराला बेरोजगार तरुण, दुपारी तीनला तणावग्रस्त गृहिणी आणि चारला मोबाइलला घाबरणारे ज्येष्ठ नागरिक. त्यांचं वय, लिंग आणि साखर तासातासाला बदलत होती. वाचन मात्र बिनबोभाट चाललं होतं. ग्रंथालयाला 'ब' श्रेणी मिळाली. कोणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे वरिष्ठांनी पुढचं पत्र पाठवलं: 'अ' श्रेणीसाठी प्रौढ साक्षरता वर्ग अनिवार्य.

इथे अडचण उभी राहिली. आमचं गाव तीन वर्षांपूर्वीच शंभर टक्के साक्षर म्हणून जाहीर झालं आहे. ग्रंथपालांनी बाजारात जाऊन एका हमालाला खासगीत विचारलं. तो चिडला. "साहेब, मी निरक्षर नाही. माझ्याकडे कागद आहे. काय लिहिलंय ते हवं तर तुम्हीच वाचा." असे कागद गावात चिक्कार निघाले. निरक्षर एकही निघेना.

अखेर ग्रंथपाल खिडकीजवळच्या खुर्चीशी आले. या वेळी पत्रकाबरोबर शाईचं पॅड होतं.

"मावशी, अंगठा."

तिसऱ्या भागात थोरल्या मुलाचं पत्र घरी आलं होतं, आणि टपाल आलं की कोणी मध्ये बोललेलं बाईंना नोकरीतही खपत नसे. डावा हात रिकामाच होता. त्यांनी तो पुढे केला. ग्रंथपालांनी अंगठा उमटवला आणि फडक्याने पुसूनही दिला. ग्रंथालय 'अ' श्रेणीत गेलं.

चार दिवसांनी तिसरा भाग संपला. बाई चौथा मागायला गेल्या. शिपायाने कपाटाची किल्ली काढली, ग्रंथपालांनी संगणकात सदस्य क्रमांक घातला आणि पडद्यावर लाल चौकट आली: 'सदर सदस्य निरक्षर असल्याने ग्रंथ देता येत नाही.'

"म्हणजे काय?" बाई म्हणाल्या.

"साक्षरता वर्गात तुमचं नाव आहे ना, मावशी. दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्यात आता वरून."

"अरे, ही लाल चौकटीतली ओळ मी इथून तिरकी वाचतेय. चष्म्याशिवाय."

"तुम्हाला वाचता येतं हे मला कळतंय. पण ते याला कोण सांगणार?" ग्रंथपालांनी संगणकाकडे असं बघितलं, जसं घरजावई सासऱ्याकडे बघतो.

"मग काढ ना माझं नाव त्या वर्गातून."

"नाव काढलं तर वर्ग बंद. वर्ग बंद तर श्रेणी गेली. आणि मावशी, गावातला एक निरक्षर अचानक नाहीसा झाला तर चौकशी लागते."

"तुझ्या नोकरीची ऑर्डर माझ्या हातातून गेली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "चांगलं जाडजूड पाकीट होतं. तेव्हाच चुकीच्या थैलीत टाकायला हवं होतं मी."

ग्रंथपालांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी उपाय सुचवला: वर्ग सहा महिन्यांचा आहे, तो पूर्ण करून रीतसर साक्षर व्हावं. पहिल्या येणाऱ्या नवसाक्षराला बक्षीस म्हणून ग्रंथ द्यायचा नियम आहे. "तो चौथा भागच ठेवतो. तुमच्यासाठी राखून. दुसरं कोणी नेणारही नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे चौथ्या भागाला चकचकीत कागद गुंडाळला, लाखेचं सील लावलं आणि तो काचेच्या पेटीत ठेवला. बाईंनी सीलकडे बघितलं. सील फोडायचं नसतं, हे चौतीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं.

वर्ग सुरू झाला. शिक्षकाचं पद रिक्त होतं, म्हणून ग्रंथपालांनी 'ज्ञानदाता स्वयंसेवक' योजनेखाली एका सुशिक्षित निवृत्त व्यक्तीची नेमणूक केली. गावात अशी व्यक्ती शोधायला लांब जावं लागलं नाही. सोमवारपासून बाई एका पत्रकावर शिक्षक म्हणून सही करू लागल्या आणि दुसऱ्या पत्रकावर विद्यार्थी म्हणून अंगठा. पहिल्याच दिवशी शिक्षक या नात्याने त्यांनी विद्यार्थिनीला शंभरपैकी शंभर देऊन टाकले. निकाल परत आला. मूल्यमापन करणारी व्यक्ती लाभार्थ्याची जवळची नातेवाईक नसावी, असा आक्षेप होता. नात्याच्या रकान्यात ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे 'स्वतः' असं लिहिलं होतं.

आठव्या आठवड्यात वरिष्ठ कार्यालयातून तपासणी अधिकारी आल्या. आदल्या दिवशी ग्रंथपालांनी बाईंना बजावलं होतं, "मावशी, आपण अजून स्वरांवर आहोत. बाराखडीला उद्या हात लावू नका." पण अधिकारीबाईंनी पुस्तिकेऐवजी स्वतःच्या पर्समधला एक छापील कागद पुढे केला, आणि दोन महिन्यांत छापील अक्षर डोळ्यांखालून न गेलेल्या बाईंचा तोल गेला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. ते वॉशिंग मशीनचं हमीपत्र होतं. अटी आणि शर्तींसकट, शेवटच्या बारीक टिपेपर्यंत वाचून त्यांनी विचारलं, "दुसरं काही आहे?"

ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले. बदलीचं गाव त्यांना स्वच्छ दिसलं.

"आठ आठवड्यांत?" अधिकारीबाईंचा आवाज भरून आला. "आठ आठवड्यांत हमीपत्र? अहो, मी पदवीधर आहे, मला हे आजवर वाचवलं नाही!"

दहा दिवसांत आमचं ग्रंथालय 'आदर्श साक्षरता केंद्र' म्हणून जाहीर झालं. इतर गावांची पथकं बघायला येऊ लागली. पथकांना प्रगती दाखवायची तर सुरुवातही दाखवावी लागते, त्यामुळे वर्गाला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. बाईंनी दर मंगळवारी पाहुण्यांसमोर अडखळत वाचायचं, असं ठरलं.

"मी नाही अडखळणार," बाई म्हणाल्या. "आधी चौथा भाग दे. मग म्हणशील तशी अडखळेन."

"मावशी, बक्षीस उत्तीर्ण झाल्यावर. ते आता माझ्या हातात नाही, पेटीची नोंद वर गेलीय. आणि तुम्ही सहकार्य केलं नाही ना, तर 'शिक्षण अर्धवट सोडलेले' या गटात जाल. त्यांना बक्षीसच नसतं."

"डॉक्टरांनी मला दीड वर्ष दिलं होतं रे. त्यातलं एक आता तुम्हीच खाणार."

"वैद्यकीय कारण आहे का? मग अर्ज द्या ना," ग्रंथपाल उत्साहाने म्हणाले. "त्यासाठी वेगळा नमुना आहे."

अर्ज निरक्षर व्यक्तीने स्वतः भरल्यास बाद होतो आणि दुसऱ्याने भरल्यास साक्षीदार लागतो, एवढं सांगून मी तो परिच्छेद आटोपतो. बाई मंगळवारी अडखळू लागल्या. सुरुवातीला त्या मुद्दाम अडखळत. पाहुणे टाळ्या वाजवत. पुढे पुढे त्या इतक्या हुबेहूब अडखळू लागल्या की एका पथकप्रमुखाने 'किती अस्सल' असा शेरा मारला. मग एका मंगळवारी त्यांनी 'घर' या शब्दाकडे बराच वेळ बघितलं, पुस्तिका आधी डावीकडे आणि मग उजवीकडे सरकवली आणि मान कलती करून म्हणाल्या, "याच्या मध्ये काहीतरी सांडलंय का?"

पुस्तिकेवर काही सांडलेलं नव्हतं. टाळ्या झाल्या.

प्रमाणपत्र वाटपाचा समारंभ प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा झाला. मंचावर बाईंना साक्षर घोषित करण्यात आलं. पाहुण्यांनी सील फोडून चौथा भाग त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी पहिलं पान उघडलं, बोटाने चाचपलं आणि मागे उभ्या शिपायाला हळूच विचारलं, "सरळ धरलंय ना रे?"

"सरळ आहे, बाई."

"मग वाच बरं पहिली ओळ. थोरला आला का बघू."

शिपाई या ग्रंथालयात सव्वीस वर्षं होता. तो बाईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, मला वाचता येत नाही."

"मग एवढी वर्षं पुस्तकं कशी काढून देतोस?"

"रंगावरून. जाडीवरून."

"अरे, मग इतके दिवस वर्गात का नाही बसलास?"

"जागा एकच होती, बाई. ती भरलेली होती."

ही गोष्ट ग्रंथपालांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. शिपायाला वर्गात घालावं तर सव्वीस वर्षं एक निरक्षर माणूस ग्रंथालयात पुस्तकं हाताळत होता हे वर कळणार. त्यांनी तो विषय बंद केला. बाईंसाठी मात्र त्यांनी नवी योजना मंजूर करून आणली: दृष्टिबाधितांसाठी 'वाचनसाथी'. लाभार्थी एक, स्वयंसेवक किमान चाळीस. प्रत्येकाने आपापल्या दिवशी दुपारी चार वाजता एक तास बाईंना वाचून दाखवायचं.

स्वयंसेवक मिळतील का, अशी ग्रंथपालांना धास्ती होती. ती व्यर्थ ठरली. एका दुपारात चाळीस नावं झाली. डॉक्टर, वकील, दोन मुख्याध्यापक, औषधांच्या दुकानाचे मालक, सगळी वाचनाची आवड असणारी, कुठे काही चांगलं छापून आलं तर शेवटपर्यंत वाचणारी, म्हणजे आत्ता हे वाचताहेत तशीच माणसं. उद्घाटनाला सगळे जातीने हजर होते. बाईंना मधल्या खुर्चीवर बसवून फोटो काढला. वाचनसंस्कृती जिवंत आहे, असं वकिलांनी भाषणात सांगितलं, तेव्हा अनेकांना भरून आलं. योजनेला पुरस्कार मिळाला. ग्रंथपालांना बढती मिळाली. एसटी जाते त्या गावी.

बाई रोज पावणेचारला येऊन बसतात. चौथा भाग मांडीवर असतो.

"आज कोण?" त्या विचारतात.

"आज वकील," शिपाई सांगतो. यादी त्याला पाठ आहे.

"आले?"

"नाही."

"उद्या?"

काल गुरुवार होता. हा गुरुवार माझा होता. मला जरा काम होतं.