काळूरामची निळी नोंद

औषिदाची सवय, नको लावू माझ्या बाळा
जन्माची ती बेडी, तिला किल्ली ना टाळा

काळूराम लहान असताना लोधिवलीत विठाबाई आत्या जात्यावर ही ओवी म्हणे. जातं गेलं, आत्या गेली. तो गळा मात्र भाच्याच्या, काळूरामच्या, कानात राहिला. म्हणून एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सरकारी दवाखान्यात त्याची लघवी निळ्या औषधात उकळून विटकरी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "साखर आहे. रोज एक गोळी, जन्मभर," तेव्हा काळूरामला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला.

उरलेलं शेजाऱ्यांनी ऐकवलं. हिरू म्हणाला, "गोळी गरम पडते रं, नजर जाते." खोपोलीच्या कारखान्यातला जैतू म्हणाला, "पाय दुखतील तवाच घ्यायची. रोज घेतली तर अंगात मुरते, मंग लागू पडत नाय." सल्लागार सगळे तुमच्या-माझ्यासारखे सज्जन होते, स्वतःची लघवी कुणीच तपासली नव्हती.

काळूरामने बायकोला आज्ञा केली, "जयवंते, गोळ्या फेक. आन् तपासायच्या बाटलीत दुसऱ्या कुणाचं भरून नेत जा." दरमहा बाटली घेऊन हमरस्त्याने चालणं हे घरधन्याला शोभणारं नव्हतंच.

पुढे पुढे तर बाटलीतली लघवी सलग तीन महिने उकळूनही निळीच राहिली, म्हणजे साखर नाही. नियमानुसार वहीत शेरा पडला: 'रोगमुक्त'. वरून दवाखान्याला अभिनंदनाचं पत्र आलं. ते चौकटीत बसवून वजनकाट्याच्या वर टांगण्यात आलं.

मग काळूरामच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. पावसाळा सरला, जखम सरेना. अंगठा काळा पडू लागला तशी ओवी ऐकू येईनाशी झाली, आणि तो जयवंताच्या खांद्यावर हात टाकून गोळ्या मागायला गेला.

"बऱ्या माणसाला गोळी देता येत नाही," कंपाउंडर म्हणाला.

"आत्ता तपासा की!"

तपासलं. विटकरी.

"ही तुमची नाही. वहीत तुमची निळी आहे."

"आवं, तुमच्याम्होरंच दिली न्हवं का?"

"समोर घडलेलं दवाखाना मानत नाही. नोंदलेलं तेवढंच घडलेलं असतं."

डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आठवडाभर असंच राहिलं तर पाय जाईल. पण आधीच्या बाटल्या कुणाच्या होत्या, त्याचा खुलासा झाल्याशिवाय शेरा खोडता येणार नाही."

"सांग की गं! कुणाचं नेत व्हतीस?" काळूराम खेकसला.

जयवंताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"म्हशीचं."

कंपाउंडरची लेखणी थांबली. वहीत जनावराचा रकाना नव्हता.

"गोळ्याबी तिलाच घातल्या, पेंडीतून. सरकारी औषिद फेकायचं पाप कशाला? एक दिस चुकला नाय. तिला शेजारी कुठं हाईत, नगं म्हणून सांगाया?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो बाई, पण म्हशीचं कशाला? स्वतःचं आणायचं की!"

"आणलं व्हतं, पयल्या खेपेला." जयवंता खाली बघूनच बोलली. "तेबी इटकरीच झालं. मंग म्हटलं, घरात कुनीतरी एक बरं असाया पायजे."