परत यायचं पाणी

आमच्या गल्लीतले बाबगोंडा आप्पा घराबाहेर पडले की त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या असे, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. आप्पा जैन. घरच्या आडाचं गाळलेलं पाणी सोडून दुसरं पाणी ते तोंडात घेत नसत. इथवर निपाणीत कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल पुढं होतं. वाटेत तहान लागेल तसे ते घोट घेत, आणि तांब्या निम्मा झाला की जिथं असतील तिथून मागं फिरत.

एकदा भर वैशाखात ते शेजारच्या गावी लग्नाला निघाले होते. मांडव दिसू लागला, सनई ऐकू येऊ लागली आणि आप्पांनी तांब्यात डोकावून पाहिलं. मग शांतपणे पाठ फिरवली. वरबाप धावत आला. "अवो आप्पा, चाळीस पावलांवर मांडव हाय. घरात हंडं भरल्यात."

"हंडं तुमचं. परत जायचं मला हाय," आप्पा म्हणाले आणि चालू लागले. जेवणाचं पान मागून गाडीनं घरी आलं. ते मात्र त्यांनी खाल्लं.

तंबाखूचे व्यापारी असून त्यांना तंबाखूचं व्यसन नव्हतं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि दोन्ही भाषांत एकच पालुपद : "जाणं सोप्पं हाय. परत यायचं बघा." दमणीला बैल जुंपताना ते वैरणीची पेंढी मधोमध चिरून निम्मी मागं बांधत. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनींचं प्रवचन रंगात आलं की उठत. का उठलात म्हणून विचारलं, तर म्हणत, "ऐकल्यालं घरापत्तूर न्यायला नको व्हय?"

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील आप्पांच्या शेताला लागून शेत करत. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी आप्पांच्या वखारीत तंबाखूच्या बोदांवर बसून अभ्यास केला, शिंका देत देत. बी.ए. होऊन आलो तेव्हा पेढे घेऊन प्रथम त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गेलतास तेवढा समदा परत आलास न्हवं?" मी हो म्हणालो. "मग झालं," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मला मास्तर आणि अहोजाहो करू लागले. मी इथल्याच हायस्कुलात नोकरी धरली, याचा आनंद त्यांना माझ्या आईपेक्षाही जास्त झाला असावा.

आता त्यांच्या व्रताबद्दल सांगायला हवं. जैन गृहस्थानं आपल्या फिरण्याला चारी दिशांना हद्द घालून घ्यायची, असं एक व्रत आहे. तरुणपणी आप्पांनी बस्तीत मुनींसमोर ते घेतलं. दक्षिणेला व्यापार होता, म्हणून बेळगावच्या कँपापर्यंत. उत्तरेला पंचगंगा. पश्चिमेला घाट. पूर्वेला चिकोडीच्या वाटेवर दहाव्या मैलाला त्यांचं एक शेत होतं. त्यात दोन मैल मिळवून त्यांनी बाराव्या मैलाचा दगड सांगितला. पूर्वेला आपलं काय अडलंय, असं त्यांना वाटलं. त्या वेळी त्यांची पाच वर्षांची लेक चंपा मांडीवर बसून सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत होती.

चंपाची आई लवकर गेली. पोर आप्पांनीच वाढवली. पुढं तिला स्थळ आलं ते पूर्वेकडूनच. चांगलं जमीनजुमल्याचं घर, माणसं सालस. गाव मात्र बाराव्या दगडाच्या पलीकडं तीन मैल आत. आप्पांच्या थोरल्या भावानं सुपारी फोडली तेव्हा ते हिशेब विसरले असतील, किंवा लेक माहेरी येईलच, बापानं तिच्या दारात कशाला जायचं, असा विचार केला असेल. लग्न निपाणीत लागलं. चंपाक्का दगडापलीकडं गेली.

तेव्हापासून दर महिन्याच्या शुद्ध पंचमीला आप्पांची दमणी पहाटे निघून बाराव्या दगडाशी थांबे. पलीकडून चंपाक्काची गाडी येई. दगडाजवळच्या बाभळीखाली बापलेक दोन घटका बसत. बोलणं फार नसे. ती धपाटे आणी, ते खात. तिचे हातपाय वाळले का भरले ते बघत. मग तांब्यातल्या पाण्याचा निम्मा भाग संपला की उठत. बारा मैल येऊन तांब्या कधीच निम्मा झालेला नसे. लेकीजवळ बसून ते मुद्दाम सावकाश पीत, हे मला एकदा बरोबर गेलो तेव्हा कळलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तिसऱ्या वर्षी चंपाक्काच्या छातीनं दगा दिला. चिकोडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला हिसका बसता कामा नये आणि धूर लागता कामा नये. बैलगाडीत दोन मैल गेली की खोकल्यातून रक्त पडे. पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या, त्यांतून उतरणारा धडधाकट माणूससुद्धा काळा होऊन खोकत उतरे. दोन पंचम्या दगडाशी आप्पा एकटे बसून आले. बाजारपेठेत लोक त्यांना चिडवत, "आप्पा, दगूड काय म्हंतोय?"

मी त्यांना म्हणालो, "आप्पा, मुनींकडून प्रायश्चित्त घ्या आणि जा की पलीकडं. आजारी लेकीसाठी कोण नाही म्हणेल?"

"मास्तर, तुमी बी.ए. झाला. तुमास्नी सूट असंल," ते म्हणाले. "एकदा वलांडलं की मग त्यो नुसता दगूड."

शाळेत एक इंग्रजी वर्तमानपत्र येई. त्यात मी जाहिरात वाचली. बेळगावच्या कँपातली एक म्हातारी मेमसाहेब उटीला कायमची निघाली होती आणि आपली विजेची मोटार विकणार होती. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. मी आप्पांना सहज वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचून घेतली. 'धक्का नाही' हे इंग्रजीत कुठं लिहिलंय, तिथं बोट ठेवायला लावलं आणि त्या अक्षरांकडं बघत बसले.

आम्ही कोळशाच्या मोटारीनं खोकत बेळगावला गेलो. ती गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेलं काचेचं कपाट होतं. गोल चाकाऐवजी एक दांडा, तो इकडंतिकडं ढकलला की गाडी वळे. मेमसाहेबांचा म्हातारा ड्रायव्हर इस्माईल आम्हाला कँपात फिरवायला तयार झाला. आप्पा मागं बसले. बसण्यापूर्वी त्यांनी तांब्या नळाखाली धरून काठोकाठ भरला. आप्पांनी तो नळाखाली धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ते पाणी प्यायचं नव्हतं. फडकं सोडून तांब्या त्यांनी मांडीवर धरला, डोळे पाण्यावर.

गाडी निघाली की नाही तेच कळेना. चर्च मागं गेलं, झाडं मागं गेली. एका खड्ड्यावरून गेलो.

"सांडलं न्हाय," आप्पा म्हणाले.

"कैसे सांडेगा बाबा? मेमसाब इसमें बैठके सुईमें धागा डालती थी," इस्माईल म्हणाला.

"सांडलं न्हाय, मास्तर," आप्पा पुन्हा म्हणाले. मग त्यांनी पालुपद काढलं. एका दमात किती जाती?

"नयी थी तब साठ मैल जाती थी. अब बॅटरी बुढ्ढी हो गयी, मेरे माफिक. पच्चीस."

"पंचवीस जाऊन परत पंचवीस?"

"जाना आना मिलाके पच्चीस, बाबा. नयी बॅटरी लढाई के बाद आयेगी."

गाडीची किंमत आप्पांनी विचारलीच नाही. इस्माईलला त्याचं फार आश्चर्य वाटलेलं दिसलं.

निपाणीत परतलो आणि विचार सुरू झाला. लेकीला माहेरी आणायचं, तर तिचं गाव पंधरा मैल. जाऊन येऊन तीस. गाडी पंचवीस. मी शाळेतल्या फळ्यावर भागाकार मांडले, गाडीतून माणूस कमी केला, चढ कमी केले, दर खेपेला पाच मैल उरतच. आप्पांच्या नियमानं निम्मे म्हणजे साडेबारा मैल झाले की मागं फिरायचं. म्हणजे दगडापासून अर्ध्या मैलावर. "बघा, गाडीबी जैनच हाय," ते म्हणाले. त्या महिन्यांत ते एवढंच एकदा हसले.

वीज हाही प्रश्न होता. आमच्याकडं ती फक्त सिनेमाच्या तंबूतल्या इंजिनावर निघे, तीही खेळ चालू असेल तेवढीच. तंबूवाला म्हणाला, "गाडी रोज खेळाला आणून बांधा. सिनेमा फुकट बघंल." गावात ही गोष्ट पसरली आणि लोक विचारू लागले, आप्पा, मोटारीला कुठल्या नटीचा खेळ आवडतोय? आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. ते रोज संध्याकाळी जेवण उरकून, सूर्य मावळायच्या आत, माझ्या ओसरीवर येत आणि एकच विचारत, "परत यायला उरतंय काय, मास्तर?" मी वही काढून पुन्हा पाच मैल कमी पडतात असं सांगे. अठरा दिवस हेच.

अठराव्या दिवशी मी वडिलांच्या शेतावर गेलो होतो. नांगर मोडला होता आणि वडील तो गाडीला बांधून बैलांकडून ओढून आणत होते. मी बांधावर उभा राहून पाहत राहिलो. मोटार जाताना रिकामीच जायची होती. रिकाम्या गाडीला हिसका बसला तर कुणाचं काय जाणार? बाराव्या दगडापर्यंत ती बैलांनी ओढत न्यायची. पुढं आतले तीन मैल आणि चंपाक्काला घेऊन निपाणीपर्यंतचे पंधरा, असे अठराच मैल विजेवर. शेतकऱ्याच्या मुलाला बैल आठवायला अठरा दिवस लागले. फळा समोर नसता तर कदाचित पहिल्याच दिवशी आठवले असते.

मी धावतच आप्पांकडं गेलो. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"सात मैल उरत्यात?"

"सात उरतात."

"घरापत्तूर येऊन सात?" ते आत गेले आणि चंपाक्काची माहेरची खोली उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात केरसुणी घेऊनच. "बेळगावला लिवा मास्तर, गाडी घेतली म्हणून. माझं बैल जात्याल आणाया."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. त्यांनी खोली स्वतः सारवली. खिडकीला धूर येऊ नये म्हणून शेजारणीला चूल मागच्या दारी न्यायला सांगितलं, आणि तिनं ती नेली.

चौथ्या दिवशी सकाळी एक सायकलवाला आला. चंपाक्का पहाटेच गेली होती. सासऱ्यांचा निरोप होता : तुम्हाला पलीकडं येता येत नाही, ठाऊक आहे. आम्ही तिला दगडापाशी आणतो. तुम्ही या.

दमणीत आप्पांच्या शेजारी मी बसलो. तांब्या त्यांच्या मांडीवर होता, फडकं बांधलेला. बारा मैलांत त्यांनी घोटभरही पाणी प्यायलं नाही.

पलीकडून गाडी आली होती, नेहमीसारखी, बाभळीखाली. माणसं पागोटी काढून बाजूला उभी. बैल दगडाच्या पार अलीकडं येतील इतकी गाडी पुढं घेतली होती, म्हणजे मागचा भाग आप्पांच्या हाताशी यावा. आप्पा उतरले. तांब्या त्यांनी दगडावर ठेवला. लेकीच्या तोंडावरचं लुगडं थोडं सारलं, पाहिलं, पायांना हात लावून बघितला, दर पंचमीला बघत तसा. मग लुगडं नीट केलं. रडले नाहीत. सासरे पुढं झाले, काही म्हणाले, आप्पांनी मान हलवली. दिवस मावळायच्या आत तिला गावी नेऊन सगळं उरकायचं होतं.

गाडीवानानं बैल वळवले. वळताना चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी एकदा जोरानं हिंदकळली. आप्पा दोन पावलं धावले, दगडापाशी थांबले.

"हळू हाक, रं बाबा," ते म्हणाले. "खड्डं चुकवून ने."

गाडीवानानं कासरा आवळला. तो खाली उतरला आणि बैलांच्या पुढं पायी चालू लागला, एकेक खड्डा बघत. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच चालला.

आम्ही दमणीत बसलो. चार मैल मागं आल्यावर माझ्या लक्षात आलं की आप्पांचे हात रिकामे आहेत. तांब्या दगडावरच राहिला होता, काठोकाठ भरलेला. परत वळू का, म्हणून मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.