सोबत पिशवी आणावी

“कुडालाच शिकवते बया. कूड पास होईल, ही नाय.”

भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या कारवीच्या कुडाला तोंडसुद्धा आहे! पलीकडे चुलीपाशी माझ्या सासूबाई, चैती, नागलीची भाकरी थापतात आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात स्वतःशी पुटपुटतात. अलीकडे मी, वय वर्षे चव्वेचाळीस, बारावीचं राज्यशास्त्र मांडीवर घेऊन मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचता येत नाही असं नाही. पण घरात आम्ही दोघीच. मोठ्याने वाचलं की तिसरं कुणीतरी आहे असं वाटतं.

यंदा मी बारावी होणारच होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून, कुठलाही क्लास न लावता, पहिल्या झटक्यात! अंगणवाडीत मी मदतनीस आहे. आमच्या सेविका प्रमिलाताई या उन्हाळ्यात निवृत्त होणार, आणि बारावी झालीस तर त्यांच्या जागी तुझा नंबर, असं पर्यवेक्षिकाबाई मला चारचौघांत सांगून गेल्या होत्या.

अभ्यासाची माझी स्वतःची पद्धत होती. पुस्तकातली वाक्यं माझ्या डोक्यात शिरतात आणि नांगरटीच्या बैलासारखी दुसऱ्या बांधाने बाहेर पडतात. पण बारा वर्षं मी अंगणवाडीच्या फळ्यावर सूचना लिहीत आले आहे. लसीकरण, मुलांची वजनं, पोषण आहार. त्यातली एकही मी विसरलेले नाही. म्हणून मुलं गेली की मी एकेक धडा सूचनेसारखा फळ्यावर लिहून काढायचे. ‘सोमवारी समानता. आईने बाळासोबत यावे.’ असं लिहिलं की धडा डोक्यात पक्का बसायचा. लिहायचं, तीनदा वाचायचं, पुसायचं.

त्या मंगळवारी पुसायचं राहिलं. मी ‘सुशासन’ लिहून काढत होते आणि मागे चुलीवर उरलेली खिचडी लागली. पातेलं घासता घासता फळा डोक्यातून गेला. रात्रभर फळ्यावर असं होतं:

‘बुधवारी सकाळी दहा वाजता सुशासन. सर्वांनी सहभागी व्हावे. हजेरी घेतली जाईल. सोबत पिशवी आणावी.’

पिशवीचं पुस्तकात काही नाही. ते हाताच्या सवयीने आलं.

बुधवारी साडेनऊला जाते तर ओट्यावर अख्खा पाडा! अख्खा म्हणजे एकतीस माणसं. दिवाळीनंतर हातपाय धड असलेला प्रत्येक जण वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातो, तो शिमग्याला परत येतो. मागे उरतात म्हातारी माणसं, पोरं, कोंबड्या आणि मी. त्या एकतीसांतला सगळ्यात तरुण म्हणजे लहान्या, वय साठ. प्रत्येकाच्या हातात पिशवी. सासूबाईही होत्या. त्यांनी दोन आणल्या होत्या.

जिवाबाबा सगळ्यांत पुढे. सुशासन माणशी मिळणार की कार्डावर, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी म्हटलं, बाबा, ते वाटत नाहीत, ते असतं.

“असतं तर मंग वाटत का नाय?” ते म्हणाले.

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

आता खरं सांगते. फळा पुसून ‘चूक झाली, घरी जा’ म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. प्रमिलाताई मीटिंगला मोखाड्याला गेलेल्या, विचारणारं कुणी नव्हतं. पण महिनाभरात एवढी माणसं मी एका जागी पाहिली नव्हती. मी त्यांना चटया घातल्या. चुलीवर कोरा चहा ठेवला. आणि उद्या पेपरात लिहायचं अख्खं उत्तर एकतीस जणांसमोर मोठ्याने म्हणून दाखवलं. पारदर्शकता म्हणजे काय, उत्तरदायित्व म्हणजे काय. लोकांनी माना डोलावल्या. कुडाने आजवर मान डोलावली नव्हती!

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात मोटारसायकलवरून आमचे ग्रामसेवक, उमेश भाऊसाहेब, आले. एवढी माणसं बसलेली बघून, रानात चुकलेली गाय आपोआप गोठ्यात दिसावी तसे ते खूश झाले. त्यांची एक विशेष ग्रामसभा राहून गेली होती. माणसं आयती जमली आहेत, मग आत्ताच उरकू, असं म्हणून त्यांनी डिकीतून हजेरीचं रजिस्टर आणि शाईचा पॅड काढला. आणि नावं कुणी वाचायची? “गौराताई, तुम्ही वाचा. तुम्ही बारावीच्या.” मी अजून बारावी नव्हते, पण उठले.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात आणि पाड्यात एकतीस. म्हणून बाहेर गेलेल्याचा अंगठा घरचा नाहीतर शेजारचा माणूस उठवतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारी परगावी गेला तर आपण त्याच्या कोंबड्यांना दाणे टाकतो, तसाच त्याचा अंगठाही उठवायचा. बिचाऱ्याचं नाव तरी गावात राहतं. जिवाबाबांनी स्वतःचा, तीन मुलांचा आणि दोन सुनांचा अंगठा लावला. लहान्याने शेजारच्या सखाच्या अख्ख्या घराचा. ओट्यावर नुसतं ‘हजर, हजर’ चाललं होतं. डोळे मिटून ऐकलं असतं तर गाव भरलेलं वाटलं असतं.

मग आमचं घर आलं. चैती, हजर. गौरा, हजर. त्याखालचं नाव पंढरी.

पंढरी म्हणजे माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी वसईला बांधकामावर गेला. पहिल्या दिवाळीला फोन आला. दुसऱ्या दिवाळीला मी लावला, तर नंबर लागेना. पाडा म्हणतो, रेंज नसेल. आमच्या खोडाळ्याच्या डोंगरात रेंज आहे आणि वसईत नाही! पण सगळे हेच म्हणतात, आणि मीही मान हलवते. सासूबाई दर वर्षी म्हणतात, शिमग्याला येईल.

मी सहज मागची पानं उलटली. पंधरा ऑगस्ट, पंढरी, हजर. अंगठा. सव्वीस जानेवारी, हजर. त्याच्या आधीच्या वर्षीही हजर. तीन वर्षांत माझा नवरा एकाही ग्रामसभेला चुकला नव्हता! मला कुणी सांगितलं असतं तर चार भाकऱ्या जास्त थापल्या असत्या.

मग मला सासूबाईंचा अंगठा दिसला. आधीच शाईत बुडवून त्यांनी तो वर धरून ठेवला होता, निळा. ग्रामसभेहून येऊन त्या मोरीवर राखेने अंगठा घासत बसायच्या, ते मी इतकी वर्षं बघत होते. एका अंगठ्याला एवढं काय लागतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

“पंढरी,” मी पुन्हा वाचलं.

लहान्या पिशवीची घडी घालू लागला. जिवाबाबांनी वाशांकडे पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, अहो, तिकडे रेंज नसेल, आई लावतील अंगठा, पुढचं नाव घ्या. एकतीस माणसांनी माना डोलावल्या, मघाशी पारदर्शकतेला डोलावल्या होत्या तशाच.

सासूबाई रजिस्टरवर वाकल्या. अंगठा कागदापासून बोटभर वर थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि लुगड्याला पुसला. नव्या लुगड्याला.

“तो नाय यायचा आता,” त्या म्हणाल्या. “गैरहजर लिव.”

मी लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. अक्षर चांगलं आलं.

त्यांनी दोन्ही रिकाम्या पिशव्या एकात एक घातल्या आणि माझ्या काखेत खोचल्या.

“आन् चल घरी,” त्या म्हणाल्या. “उद्या पेपर हाय. कुडाचा अभ्यास ऱ्हायलाय.”