साळवींची बर्फावरची गाडी

ज्या भाईंदर पूर्वेत प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागायची, तिथे बर्फावर चालवायची स्कूटर शोधणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या दारात राहत होता. स्कूटर सेकंडहँड हवी होती. नवी घेण्याएवढे आपण वेडे नाही, असं साळवी स्वतःच सांगायचे.

ही पंचाण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत एखाद्या पहाटे पंखा बंद करावा लागतो, तेवढीच. टँकरच्या रांगेत दोन बादल्या घेऊन उभे असलेले साळवी मला समजावायचे, "मोरे, इंजिन उघडून नीट करता येतं हो. पण खालचा रबरी पट्टा गेला की गाडी गेली. सेकंडहँडमध्ये डोळे उघडे ठेवावे लागतात." पाणी येईल की नाही याची मात्र त्यांना काडीची चिंता नसायची.

बेत असा, की गाडी मनालीलाच ठेवायची आणि हिवाळ्यात चार दिवस जाऊन चालवायची. कोण चालवणार? तर साळवी, जे उतार लागला की सायकलसुद्धा हातात धरून न्यायचे. औषध कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेल्या माणसाला इतकं धाडस एकदम कुठून सुचलं, ते परमेश्वराला ठाऊक.

अभ्यास मात्र कसून चालला होता. केबिन रोडच्या पिठाच्या गिरणीत जाऊन ते चक्की थांबवायला लावत आणि पट्ट्यावर नख फिरवून भेगा बघत. "अंकल, गेहूं पिसाना है या चक्की खरीदनी है?" गिरणीवाला एकदा वैतागून म्हणालाच. मी संध्याकाळी घरी आलो की माझ्या स्कूटरच्या इंजिनाजवळ हात नेऊन म्हणायचे, "गरम आहे. लबाड विकणारा आधीच गरम करून ठेवतो. गाडी थंड असताना चालू करून बघावी." मी म्हटलं, "साळवी, मी विकत नाहीये. मी ऑफिसातून येतोय."

दर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जायचे आणि मनालीला फोन लावायचे. पलीकडे त्यांचा मुलगा संजू असायचा. साळवींनी त्याला आपल्याच कंपनीत चिकटवला होता. तो दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून डोंगर चढायला गेला. "परत येऊ नकोस," साळवी म्हणाले, आणि पोरानं आयुष्यात बापाचं ऐकलं ते बहुधा तेवढंच. आता तो तिकडे पर्यटकांना बर्फावरच्या स्कूटरवरून फिरवायचा. वहिनी होत्या तोवर दोघांचे निरोप त्याच पोचवत. त्या गेल्या आणि काही महिन्यांतच साळवींना या गाडीचं खूळ लागलं.

फोनवर बोलणं काय, तर पट्टा, स्टार्टर, हँडल. "कसा आहेस, जेवलास का" हे शब्द बहुधा ट्रंककॉलच्या काळातच संपले असावेत. संजू विकाऊ गाड्या सांगायचा आणि साळवी नाकारायचे. एकीचा पट्टा जुना, दुसरीचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत, तिसरीचा मालकच पटत नाही. मुलगी बघायला गेलेले लोकही इतकी खोड काढत नसतील. "आपल्याला घाई नाही," असं बजावून ते फोन ठेवायचे.

एका रविवारी मात्र ते बूथमधून थेट माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"संजूला गाडी मिळाली," ते म्हणाले. "पट्टा नवा. थंड असताना पहिल्या झटक्यात चालू झाली. भावही परवडणारा. म्हणतो, बाबा, आता घेऊन टाका."

"अभिनंदन! भाईंदरची थंडी एकदाची सत्कारणी लागली."

साळवी हसले नाहीत. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. "मोरे, तुम्ही कशालाही नावं ठेवू शकता. हिलाही ठेवून द्या. मला काही सुचत नाहीये."

"का? चांगली आहे तर घ्या की."

"घेतली तर पुढच्या रविवारी त्याला विचारू काय?"

मी त्यांच्यासमोर बसलो. मग म्हटलं, "अहो, सरळ घरी ये म्हणून सांगा ना."

"आणि नाही म्हणाला तर?" साळवी माझ्याकडे न बघता म्हणाले. "गाडीला मी नाही म्हटलं तर तो दुसरी शोधतो. तोच नाही म्हणाला, तर मी काय शोधू?"

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली, आणि आता मला एक खोट सुचेना.

"रंग कोणता?" मी विचारलं.

"पांढरा."

"मग झालं तर! पांढरी गाडी बर्फात दिसणार कशी? उभी करून चहा प्यायला गेलात तर परत सापडायची नाही."

साळवी ताडकन उठले. "खरंच की!" म्हणाले आणि जिना उतरले. मीही मागून गेलो. बूथच्या काचेतून ते हातवारे करून पांढऱ्या रंगाचे तोटे सांगताना दिसत होते. मग एकदम थांबले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

"काय म्हणाला?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"आधी हसला. मग म्हणाला, खरंय बाबा, पांढरी नकोच. अजून बऱ्याच निघतील विकायला, सगळ्या बघून ठेवतो." साळवींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि म्हणाला, रविवारपर्यंत थांबू नका. मधेच फोन करा."

आम्ही घरी पोचेपर्यंत त्यांनी मला ते आणखी दोनदा सांगितलं. "मधेच फोन करा म्हणाला, मोरे."