ओ देणारे आण्णा

आमच्या कॉलनीत कुणीही कुणालाही हाक मारली, तरी ओ शामआण्णा देतात.

हे मी रंगवून सांगत नाही. कळंबा रोडला आमच्या गल्लीत उभं राहून तुम्ही "ओंकाऽर" अशी हाक मारा. समोरच्या घरातला ओंकार ओ देणार नाही, कारण त्याच्या कानात दिवसभर काहीतरी खुपसलेलं असतं. पण आमच्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येईल, "हितं न्हाय त्यो! मैदानावर गेलाय!" भाजीवाला "मेथीऽऽ" म्हणाला की आण्णा "नगं आज, कालचीच हाय" असं सांगून मोकळे. घंटागाडीवर बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो, तिलाही आण्णा "आलो आलो, ताई, थांबा जरा" म्हणतात. टीव्हीवरची मुलगी बातम्यांच्या सुरुवातीला नमस्कार म्हणाली की आण्णांचा नमस्कार भिंतीतून आमच्या घरात येतो.

मी शाळेत शिकवते. सकाळभर पोरांच्या आवाजात बसून आल्यावर दुपारी घटकाभर डोळा लागावा एवढीच माझी देवाकडे मागणी असते. ती आण्णांमुळे आजवर पुरी झालेली नाही.

एकदा मी चिडून म्हटलं, "आण्णा, तुम्हाला कुणी बोलावलं का? मग तुम्ही कशाला ओ देता?"

"हाक वाया जाऊ दिऊ नये, बाई," ते म्हणाले. "मारणाऱ्याचा जीव लागलेला असतोय."

नोकरीभर ते गारगोटीच्या एस.टी.वर कंडक्टर होते. पुढून "ओ कंडक्टर", मागून "ओ कंडक्टर", मधूनच कुणाची तरी कोंबडी. सगळ्यांना ओ देता देता ती सवय हाडात मुरली असणार. त्यांच्या बायकोचा, मालनवैनींचा आवाज मात्र सहसा ऐकू यायचा नाही. संध्याकाळी आण्णा दारातून "मालन, आलो गं" म्हणायचे, आणि वैनी म्हणायच्या, "या. हातपाय धुवा." भिंतीपलीकडून वैनींचं एवढंच एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. आता त्याही नाहीत. मुलगा बेंगळुरूला असतो आणि सणाला फोन करतो.

तर अशा माणसाच्या घरात माझ्या लेकीने भयपट काढायचं ठरवलं.

मृणाल कॉलेजात चित्रपटाचं शिकते. परीक्षेसाठी त्यांना भयपटाचा फक्त सुरुवातीचा प्रसंग करायचा होता. तिच्या डोक्यातला प्रसंग असा: दिवेलागणीची वेळ. मुलगी दारात येते. दार उघडंच. ती विचारते, "कोणी आहे का घरात?" उत्तर नाही. कॅमेरा सावकाश रिकाम्या खुर्च्यांवरून स्वयंपाकघराच्या अंधाराकडे सरकतो. संपलं.

"आणि भूत?" मी विचारलं.

"आई, शांतता हेच भूत."

आमच्या वेळच्या भुतांना निदान केस तरी असायचे. आमच्या घरात सामान फार, म्हणून तिने आण्णांचं घर मागितलं. एक खाट, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बस्स.

आण्णांना एवढा आनंद झाला की त्यांनी आदल्या दिवशी घर धुऊन काढलं आणि दारात रांगोळीही घातली. पोरं आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. मृणाल चाचरत म्हणाली, "आण्णा, आम्हाला जरा धूळ हवी होती."

"धूळ व्हय? आधी सांगायचं की." आणि ते कोपऱ्यावरच्या बांधकामावरून घमेलंभर माती घेऊन आले. "एवढी पुरं का अजून आणू?"

पोरांना गोष्टी हव्या होत्या, म्हणून मी माझ्या सासूबाईंचं सांगितलं. तिन्हीसांजेला कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये, कारण भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर पुन्हा मारतो.

आण्णांना हे अजिबात पटलं नाही. "मग त्येला तर आधी ओ द्यावी. दुसरी हाक मारायची ताकद न्हाई ऱ्हायली बिचाऱ्याला."

पोरं हसली. मृणाल हसली नाही. कॅमेरा कॉलेजचा होता, रात्रीच्या आत परत करायचा होता आणि हवा तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकणार होता. तेवढ्यात हे एक दृश्य मिळालं नाही तर तिचं वर्ष अडकणार होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

श्रुती नावाची मुलगी नायिका होती. ती दारात उभी राहिली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, "कोणी आहे का घरात?"

"हाय की!" परसातून आण्णा. "ये, ये. पाणी आणू?"

आण्णांनी कान धरले. पुन्हा नाही होणार म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःहून टॉवेलाचा बोळा तोंडात धरला. श्रुतीने विचारलं. शांतता. कॅमेरा निघाला. खुर्च्या झाल्या, खाट झाली, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखलेला, आणि स्वयंपाकघराच्या अगदी उंबऱ्याशी आतून आवाज आला, "उंऽऽ."

तिसऱ्या वेळी त्यांना आमच्या घरात बसवलं. भिंतीवरून ओ आली.

मृणालचे डोळे भरले. "आई, ह्यांना कुठंतरी ने."

मी आण्णांना मेन रोडच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. चहा आला, साय धरली, आण्णांनी कप उचलला नाही. त्यांचं सगळं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे.

"आता पोरगी हाक मारत असंल."

"मारू दे."

"कुणी बोलंना म्हंजे घाबरंल की वो, बाई."

"घाबरायचंच आहे तिला, आण्णा."

"असलं कसलं शिक्षण," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

आम्ही परत पोचेपर्यंत दृश्य मिळालं होतं. पोरं आमच्याकडे पोहे खायला बसली, आण्णा त्यांच्या घरात गेले आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दोन दिवसांनी मृणाल कॉम्प्युटरपुढे काम करत बसली होती. तिने मला बोलावलं आणि स्वतःचा हेडफोन माझ्या कानाला लावला. रिकाम्या घरालाही स्वतःचा एक आवाज असतो म्हणे, तो वेगळा भरून घ्यावा लागतो. त्यासाठी त्या दिवशी पोरांनी आण्णांच्या स्वयंपाकघरात फळीवर आवाज भरायचं यंत्र चालू ठेवलं होतं, आणि पोह्यांच्या नादात विसरली होती.

आधी लांबवर एक स्कूटर गेली. मग दाराची कडी वाजली. मग आण्णांचा आवाज आला, "मालन, आलो गं."

मग बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा आण्णाच, पण इतक्या हळू की त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "या," ते म्हणाले. "हातपाय धुवा."

मी हेडफोन काढला. इतकी वर्षं एका भिंतीला कान लावल्यासारखी राहिले मी, आणि माझी सगळी तक्रार होती ती झोपेची.

"आई, हे सिनेमात घातलं ना," मृणाल म्हणाली, "तर अख्खा हॉल गार पडेल."

खरंच पडला असता. पण घालावं की नाही, हे तिचं तिलाच कळायला हवं होतं. ती पडद्यावरच्या त्या आवाजाच्या वेड्यावाकड्या रेषेकडे बघत राहिली.

"पण हे त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही," ती शेवटी म्हणाली आणि तिने ते पुसून टाकलं. रिकाम्या घराचा आवाज तिने आमच्या माळ्यावरून भरून आणला.

कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी सिनेमे दाखवायचे होते. आण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या आधी रिक्षात बसले. हॉलमध्ये मी त्यांना मध्ये घेतलं, तोंडात पेपरमिंटची गोळी दिली आणि मनगट धरून ठेवलं. अंधार झाला. पडद्यावर त्यांचं घर आलं. मातीने माखलेलं, ओसाड. श्रुती दारात आली.

"कोणी आहे का घरात?"

शांतता. खुर्च्या. खाट. आण्णा माझ्या हातातून मनगट सोडवायला बघू लागले. कॅमेरा स्वयंपाकघराशी पोचला, आणि हॉलच्या काळोखातून आवाज उठला, "हाय की गं पोरी! मी हाय हितं!"

अख्खा हॉल किंचाळला. पुढच्या रांगेतल्या एका सरांची फाईल उडाली. मग दिवे लागले, कुणीतरी हसलं आणि टाळ्या सुरू झाल्या. परीक्षकांना वाटलं, हे सगळं ठरवून केलेलं. त्यांनी कल्पनेचं फार कौतुक केलं. मृणालने मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

परत येताना आण्णा रिक्षात अवघडून बसले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "गप बसायचं ठरवूनच आलतो. पर आपलंच घर, त्यात ती पोरगी एकटी, आणि कुणीच बोलंना. आपण हाक मारावी आणि घरातनं कुणी बोलू नये, म्हंजे कसं हुतंय, ते मला ठावं हाय."

मृणालने त्यांच्या हातावर हात ठेवला.

गल्लीत दिवे लागत होते. आण्णा त्यांच्या फाटकातून गेले, आम्ही आमच्या. आम्ही आत गेलो असं त्यांना वाटलं असावं. कुलूप निघालं, कडी वाजली.

"मालन, आलो गं."

मृणालचा हात आमच्या कडीवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

"या, आण्णा!" मृणाल भिंतीवरून म्हणाली. "हातपाय धुवा आणि इकडंच या. चहा टाकलाय."

कधी नव्हे ते आण्णांकडून लगेच ओ आली नाही. मला वाटलं, दुखावले. त्यांचं ते एकट्याचं बोलणं आम्ही ऐकलंय, हे त्यांना कळलंच असणार.

मग त्यांच्या मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

"आलो की," आण्णा म्हणाले.

चहा कुणीच टाकलेला नव्हता. मी चपला न काढताच स्वयंपाकघरात धावले.